आजारपण १० दिवसांचं, रजा कापली २० दिवसांची! असं का होतं?

समजा, कोल्हापुरातल्या एका सरकारी कार्यालयातला लिपिक डेंग्यूमुळे १० दिवस घरी राहिला. पगार पूर्ण मिळाला, पण रजेच्या खात्यातून २० दिवस गेले. ही चूक आहे का? नाही.

'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१' नुसार राज्य कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं की तीच पूर्ण पगाराची 'परिवर्तित रजा' म्हणून घेता येते, पण एका दिवसामागे दोन दिवस वजा होतात.

मग अर्जित रजा का वापरत नाहीत?
तिचे निवृत्तीवेळी ३०० दिवसांपर्यंत पैसे मिळतात. म्हणून अनेकजण ती राखून ठेवतात.

प्रमाणपत्र दिलं की रजा मंजूर?
नाही. शंका आल्यास अधिकारी सरकारी डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घेऊ शकतात. बरं झाल्यावरही फिटनेस सर्टिफिकेटशिवाय हजर होता येत नाही.

खोट्या आजारपणाला आळा बसावा, हा या अटींचा हेतू. पण कागद वेळेत पोहोचले नाहीत, तर खऱ्या रुग्णाचीही 'अनधिकृत गैरहजेरी' लागू शकते आणि पगार कापला जातो. त्यामुळे अर्ज लगेच पाठवा आणि पोच जपून ठेवा.