आकडा किती आला?

वहिनींना अंडाशयाचा कर्करोग आहे, केमो चालू आहे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे. खामगावला रोज फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सीए-१२५ किती आलं?"

बत्तीस वर्षं पेपर तपासले, म्हणून गुणांबद्दल थोडं बोलतो. सीए-१२५ हे एक प्रथिन. ते ओळखणारी अँटीबॉडी डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये तयार केली. रक्तात ते साधारण ३५ च्या आत असावं लागतं. पण पोटाच्या क्षयातही ते वाढतं, पाळीच्या दिवसांतही वाढतं. म्हणून एकट्या आकड्यावरून निकाल लावत नाहीत. केमो सुरू झाल्यावर तो झपाट्याने उतरू लागला, तर पुढची आशा वाढते. पण हा चढउतार वाचायचं काम डॉक्टरांचं, आपलं नाही.

मागे आकडा थोडा वाढला तेव्हा वहिनींनी फोन घेणंच सोडलं. नापास झालेल्या मुलीसारख्या आतल्या खोलीत बसून राहिल्या. माझ्या मते ही चूक आपली आहे. सारखे गुण विचारल्याने एखादं मूल सुधारलेलं मी तरी पाहिलं नाही.

पुढच्या फोनवर एवढंच विचारा, "वहिनी, आज जेवण गेलं का?"