कार्डावरचं नाव

न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन रविवारी सकाळी येतो, हे वाचकांना आता पाठ झालं असेल. या रविवारी सगळं बोलणं विम्यावरच झालं. त्याच्या शेजाऱ्याची नोकरी गेली आणि तिच्यासोबत घरादाराचा आरोग्यविमाही गेला. बायकोचं औषधपाणी सुरू आहे आणि नव्या विम्याचा हप्ता झेपत नाही. "मग सरकार काय करते?" मी विचारलं. "मामा, सरकारातच तर भांडण आहे."

ते भांडण मी पंधरा वर्षं पेपरात वाचतो आहे, अजून उमगलेलं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ ला रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नराने विम्याचा कायदा केला. त्याच धाटणीचा कायदा २०१० मध्ये देशासाठी आला, त्याला ओबामांचं नाव चिकटलं आणि रॉम्नींचा पक्ष विरोधात उभा राहिला. २८ जून २०१२ ला सुप्रीम कोर्टात तो पाच विरुद्ध चार मतांनी तरला. २०२५ मध्ये हप्त्यावरच्या सवलतीपायी सरकारी कारभार ४३ दिवस बंद होता.

सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालानंतर चौथ्याच दिवशी, २ जुलै २०१२ ला, आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत अमरावती होती. अकोल्याची पाळी पुढच्या वर्षी आली. २०१७ मध्ये सरकारने तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं, पण योजना ठेवली. उपचारखर्चाची दीड लाखाची मर्यादाही पुढे पाच लाखांवर गेली. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. वऱ्हाडात लोक आजही तिला 'जीवनदायी'च म्हणतात.

पण परवा अकोल्यात जे पाहिलं, ते डोक्यातून जात नाही. गावाकडच्या आमच्या शेजारणीची अँजिओप्लास्टी करायची होती. लेकाने प्लास्टिकच्या पिशवीतून केशरी रेशनकार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं, मागच्या पानावर पेन्सिलीने तुरीचा हिशेब. त्यावर नाव सुभद्रा, आधारवर सुभद्राबाई. दवाखान्यातला योजनेचा आरोग्यमित्र पोरगा भला होता, पण त्याच्या कॉम्प्युटरला ती 'बाई' पटेना. योजनेचं अख्खं नाव एका आदेशाने बदलता येतं, आणि या माउलीच्या नावापुढच्या दोन अक्षरांसाठी तीन दिवस? लेक तहसीलच्या चकरा मारून थकला होता. मला म्हणाला, "कार्डावर काहीबी असो भाऊ, माय त माहीच आहे ना?"

ते तीन दिवस तो राहिला कुठे, तर जिन्याखाली. आत मायला पलंग, जेवण, औषध. बाहेर याच्या उशाला चपला. त्याच्यासारखे दहाबारा जण तिथे होते. कोणी भाकर सोडली की ठेचा सगळ्यांपुढे फिरायचा. ज्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले, त्या मुलखातल्या माणसाने दवाखान्याच्या जिन्याखाली निजावं? मुंबईला टाटा हॉस्पिटलात गेलेले आपले लोक दादरला बाबांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. मग अकोल्यात, अमरावतीत प्रत्येक मोठ्या दवाखान्याशेजारी सोबतच्या माणसाला पाठ टेकायला जागा का नसावी? मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारणार आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मंजुरी आली. लेकाने कार्डाची घडी जपून घातली, पिशवीला गाठ मारली आणि आधी जिन्याखालची आपली चादर झटकून दुसऱ्या एका म्हाताऱ्याला दिली.