टपावरचा तंबू

यष्टीच्या टपावर बोचकी, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या आणि जत्रेच्या दिवसांत माणसेसुद्धा आपण पाहिली आहेत. आता मोटारीच्या टपावर झोपायची खोलीच निघाली आहे. सुट्टीच्या दिवसांत शहराकडून येणाऱ्या एखाद्या मोठ्या गाडीच्या डोक्यावर चपटी, काळी पेटी दिसली, तर ती सामानाची आहे असे समजू नका. ती उघडली की वहीसारखी उलगडते. आत गादी, चहूबाजूंनी जाड कापड, खिडक्यांना बारीक जाळी आणि चढउतार करायला शिडी. हा झाला टपावरचा तंबू.

कल्पना तशी जुनी. इटलीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस असे तंबू निघाले. पुढे पूर्व जर्मनीत ट्राबांट नावाच्या टीचभर मोटारीच्या डोक्यावरही लोक तंबू बसवत आणि बायकामुलांना घेऊन सुट्टीला जात. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या मुलखात त्याचा चांगलाच प्रसार झाला. आपल्याकडे तो आत्ता आत्ता आला.

या माघात माझा भाचा असा तंबू बसवलेली गाडी भाड्याने घेऊन आमच्याकडे आला. बरोबर भाचसून आणि दोन मुले. दोन रात्री त्यांनी आमच्या रानात मुक्काम केला आणि दुसऱ्या रात्री भाच्याच्या जागी मी वर झोपले. तुम्ही म्हणाल, घर असताना मोटारीवर झोपायची ही कसली हौस? पण विचार करा, पाण्याची पाळी रात्रीची आली की आपली माणसे रानातच पाठ टेकतात. काढणीच्या दिवसांत राखणीला कोणी ना कोणी वस्तीवर असतेच. तेव्हा रानात रात्र कशी काढावी, हा प्रश्न शहरातल्या पाहुण्यांपेक्षा आपला जास्त आहे. म्हणून या तंबूकडे मी आपल्याच नजरेने पाहिले.

पहिली गोष्ट जागेची. ज्वारी निघालेल्या रानात धसकटे उभी होती. तिथे गाडी घालणे म्हणजे टायरशी वैर. शेवटी जुन्या खळ्यावर गाडी लावली. खळे सपाट, टणक, पाणी न साचणारे, म्हणजे अशा मुक्कामाला देखणी जागा. तंबूला सपाटी लागतेच. गाडी जरा कलती असली की रात्रभर सगळी माणसे एका बाजूला घसरतात. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावले आणि मग पेटी उघडली. भाच्याला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी गाडी बाजाराला न्यायची होती, तर बिछाना आवरून सगळा तंबू मिटावा लागला. ही त्याची मोठी अडचण. घर डोक्यावर असले की गाडीला हलता येत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. असा तंबू साधारण ५० ते ७० किलो भरतो. चालत्या गाडीच्या टपावर किती वजन चालते, ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि पुष्कळ गाड्यांना ते ५० ते ७५ किलोच असते. मग वर चार माणसे झोपतात ती कशी? उभ्या गाडीला हिसके नसतात, म्हणून तिचा टप कितीतरी जास्त भार पेलतो. चालत्या गाडीचे गणित वेगळे. उंच रचलेली उसाची ट्रॉली वळणावर कशी कलते, हे तुम्हाला सांगायला नको. वजन वर चढले की गाडी वळणावर सांभाळूनच घ्यावी लागते. शिवाय वेशीची कमान आणि बाभळीच्या खाली आलेल्या फांद्या यांचाही अंदाज ठेवावा लागतो.

तिसरी गोष्ट शिडीची. मुले माकडासारखी वरखाली करीत होती. सासूबाईंनी मात्र खालूनच पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर मोटारीवरचा माळाच की! पण रात्री उठायचं झालं तर मला कोण उतरवणार?" त्यांचे खरे आहे. म्हातारे माणूस, पोटुशी बाई, गुडघ्याचे दुखणे असलेला माणूस यांचे हे काम नव्हे. लहान मूल झोपेत उठून शिडीकडे जाऊ नये म्हणून त्याला मधे झोपवावे, दाराची चेन लावावी आणि उशाला बॅटरी ठेवावी.

चौथी गोष्ट दवाची. पहाटे हात वर लागला तर कापडाला आतून पाणी! पाऊस तर नव्हता. ती आमचीच वाफ होती. चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचे थेंब झाले. थंडी वाजते म्हणून खिडक्या गच्च बंद केल्या की हे होणारच. दोन समोरासमोरच्या खिडक्या चार बोटे उघड्या ठेवल्या की पुष्कळ कमी होते. गादीचा खालचा भागही दमट होतो. ती उन्हात टाकावी आणि तंबू वाळल्याशिवाय मिटू नये. ओला कडबा रचला तर काय होते ते आपण जाणतोच, तशीच बुरशी इथे कापडाला धरते. आणि ऊब हवी म्हणून शेगडी आत नेणे मात्र जिवावरचे काम. आग तर लागतेच, पण कोंडलेल्या जागेत कोळशाचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो.

आता गुणाची बाजू. वर वारा छान लागतो, डास आत येत नाहीत, मुले चांदण्या मोजत झोपतात. पण खरा गुण एकच, उंची. ती सासूबाईंनी अचूक ओळखली. चार मेढी रोवून बांधलेल्या माळ्यावर आपले वाडवडील झोपत, ते काही हौसेने नव्हे. जमिनीवर अंथरूण घातले की विंचू-साप आणि माणूस एकाच पातळीवर येतात. मण्यार रात्री फिरते. तिचा चावा पुष्कळदा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते, उलटी होते म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, बोलता-गिळता येत नाही आणि श्वास अडतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, म्हणजे आपलीच.

लाखाच्या घरात किंमत असलेला तंबू आपण घ्यावा, असे मी म्हणणार नाही. त्याचे दोन गुण, उंची आणि जाळी, आपल्याला थोडक्या पैशांत मिळतात. साधी बाज आणि तिच्यावर मच्छरदाणी, तीही गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. खाली लोंबणारी मच्छरदाणी उपयोगाची नाही. बाज भिंतीला किंवा कडब्याच्या गंजीला लावू नये. पायताणे वर टांगावीत आणि घालण्यापूर्वी झटकावीत. या तंबूच्या शिडीजवळ त्यासाठी लटकती पिशवीच होती, आपल्याला बाजेच्या पायाला टांगलेली पोत्याची पिशवी चालेल. खाल्लेले उष्टे जवळ टाकू नये. उष्ट्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

दोन ठिकाणी मात्र उंचीवर विसंबू नये. जुन्नर, आंबेगाव, शिरूर अशा बिबट्याच्या मुलखात उसाच्या कडेला उघड्यावर मुक्काम नकोच, तंबू असो वा माळा. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की वरून खाली उतरावे. बंद मोटारीच्या आत माणूस विजेपासून पुष्कळ सुरक्षित असतो, तिच्या टपावरच्या कापडात नाही. झाडाखालीही जाऊ नये.

आणि सर्पदंशाची नुसती शंका आली तरी कापणे, चोखणे, करकचून बांधणे, देवऋषीकडे नेणे यांत वेळ घालवू नका. माणसाला चालू देऊ नका, धीर द्या आणि सापाच्या विषावरची लस जिथे आहे त्या सरकारी दवाखान्यात तडक न्या. ती आपल्या जवळ कुठे मिळते, हे आजच विचारून ठेवा. आणि आज रात्री घरातले कोणी पाण्यावर जाणार असेल, तर त्याच्या वळकटीत मच्छरदाणी आणि बॅटरी आहे ना, ते एकदा पाहा.