प्रवेशोत्सवाचा फोटो आणि तीन मुलांचा सल्ला

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या दिवशी सकाळीच आमच्या गावच्या शाळेतून गुरुजींचा फोन आला. "भाऊ, प्रवेशोत्सव आहे. फोटोला याच." गेलो. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, ओट्यावर रांगोळी, सरपंच, पोलीस पाटील, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य. आणि या सगळ्यांच्या मधोमध, एका हातात गुलाबाचं फूल आणि दुसऱ्या हातात फुगा धरून उभं असलेलं एक पोरगं. पहिलीत यंदा तेवढंच एक.

दुसऱ्या दिवशी बातमी लागली. 'प्रवेशोत्सव उत्साहात, नवागतांचे स्वागत'. मीच पाठवली होती. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे म्हणून सुटलो, नाहीतर आकडा लिहावा लागला असता. वीस वर्षं बातमीदारी करतोय, आमदाराच्या सभेतल्या रिकाम्या खुर्च्या मोजून छापल्यात. आणि स्वतःच्या शाळेतला आकडा मात्र गिळला. तेव्हापासून डोक्यात आहे, आज लिहून टाकतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी याच शाळेत पहिलीला होतो तेव्हा आम्ही बावीस जण होतो. आज पहिली ते चौथी मिळून पाच.

लगेच कुणीतरी म्हणेल, "अरे, लोक मुंबईला गेले, त्यात नवीन काय? कोकणात शंभर वर्षं हेच चाललंय." खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. चाकरमानी पूर्वीही जात होते, बायकामुलं गावाला असायची, मनीऑर्डर यायची आणि शाळा भरलेल्या असायच्या. आता मुलं गावात जन्मतच नाहीत. आणि जी तिकडे नालासोपाऱ्याला, दिव्याला, बदलापूरला जन्मतात तीही घरटी एक, फार तर दोन.

मी आधी ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही बघायला गेलो होतो. ग्रामसेवकांनी हसून सांगितलं, यात तुम्हाला काही मिळणार नाही. बाळंतपण तालुक्याला नाहीतर मुंबईला होतं, जन्माची नोंद तिकडेच होते. मरण मात्र गावातच. त्यामुळे मृत्यूची पानं भरतात आणि जन्माची कोरी राहतात. म्हणून ही वही पुरावा नाही. जनगणना पाहू.

२००१ ला आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती जवळपास १६ लाख ९७ हजार. २०११ ला १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गातही साधारण १९ हजार माणसं घटली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र मात्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचं चित्र कागदावर अजून यायचंय. पण कुठल्याही वाडीत संध्याकाळी सात वाजता फिरा आणि दिवे लागलेली घरं मोजा.

दुसरा आकडा राज्याचा. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, याचा हिशोब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असतो. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर तो २.१ लागतो. २०१९-२१ च्या पाहणीत देशाचा निघाला २.०, महाराष्ट्राचा १.७. आणि हे फक्त पुण्या-मुंबईचं नाही, ग्रामीण महाराष्ट्रातही आकडा दोनच्या खालीच आहे. देशाची लोकसंख्या अजून काही दशकं वाढेल, कारण तरुण जोडपी भरपूर आहेत. पण पाळणे कमी हलायला लागलेत हे नक्की.

इथे काही मंडळी 'त्यांची वाढते, आपली घटते' सुरू करतील, म्हणून तेही सांगून टाकतो. याच पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम कुटुंबांत हा आकडा ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६ झाला. हिंदूंचा ३.३ वरून १.९४. घसरण दोन्हीकडे, आणि तिकडे जास्त वेगाने. मुली शिकल्या की हे होतं, धर्म कुठलाही असो. या विषयावर मी आज वाद घालणार नाही.

आता मुद्दा. गेल्या वर्षा-दोन वर्षांत मोठमोठी माणसं सांगायला लागली आहेत की मुलं जास्त होऊ द्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चंद्राबाबू नायडू बोलले. लगोलग स्टॅलिन यांनी सामूहिक विवाहात सोळा मुलांचा विषय काढला, अर्थात त्यामागे लोकसभेच्या जागांचं दुखणं होतं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्याच जागा मतदारसंघांच्या फेररचनेत कमी होणार, ही दक्षिणेची तक्रार रास्त आहे. डिसेंबरमध्ये मोहन भागवत नागपुरात म्हणाले, दोनपेक्षा जास्त म्हणजे तीन हवीत. ते व्हिडिओ आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर अजून फिरतात आणि खाली आमचे साठीतले काका लोक अंगठे दाखवतात.

माझं म्हणणं एवढंच, की हा सल्ला देणाऱ्यांनी आधी स्वतःची कागदपत्रं तपासावीत.

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेला माणूस महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकत नाही. सरकारी नोकरीला २००५ च्या नियमांनी तीच अट. आम्ही पत्रकारांनी या अटीच्या किती बातम्या केल्यात! प्रत्येक निवडणुकीत छाननीच्या दिवशी हरकती येतात, जन्मदाखले निघतात, निवडून आलेल्या सरपंच बाईंचं पद जातं. तिसरं मूल होऊ द्यायचं हे ठरवलं नवऱ्याने आणि सासूने, पद गेलं तिचं. आंध्रने २०२४ मध्ये ही अट उठवली. आपल्याकडे भाषण तिसऱ्या मुलाचं, कायदा दुसऱ्यावर थांबलेला.

पुढे बघा. बाळंतपणाची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली. पण कुणासाठी? पहिल्या दोन मुलांसाठी. तिसऱ्याला १२ आठवडे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार रुपये, दुसरं मुलगी असेल तर ६ हजार, तिसऱ्याला काही नाही. म्हणजे व्यासपीठावर तिसऱ्याचं स्वागत आणि ऑफिसात तिसरा नकोसा.

आणि ही २६ आठवड्यांची रजा तरी किती जणींना मिळते? माझ्या घरचंच सांगतो. आम्हाला एकच मुलगी, नववीत आहे. ती झाली तेव्हा ही एका खाजगी शाळेत शिकवायची. रजा मागितली तर "जूनमध्ये बघू" म्हणाले. जूनमध्ये तिच्या जागेवर दुसऱ्या बाई. पुन्हा नोकरी मिळायला चार वर्षं गेली. नंतर घरात दुसऱ्याचा विषय निघाला तेव्हा ही एकच वाक्य बोलली, "मूल होईल, पण नोकरी परत मिळणार नाही." माझं मानधन तेव्हा किती होतं ते लिहीत नाही, तालुक्यातल्या पत्रकारांना माहीत आहे. आम्ही थांबलो. नातेवाइकांनी दोन गणपती टोमणे मारले, मग तेही थांबले.

खरं तर मी पण तेव्हा हिच्यावर थोडा नाराज होतो. मला भाऊ आहे, मुलीला कुणी नाही, असं वाटायचं. आजही कधी कधी वाटतं. पण माझ्या आत्येला नऊ बाळंतपणं झाली आणि पाच जगली. सहाव्यानंतर ती वाकून चालायची. तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, 'समाजस्वास्थ्य' चालवताना खटले अंगावर घेतले. ज्या गोष्टीसाठी तो माणूस झिजला ती आज आपल्या बायकांच्या हातात आली आहे. ती काढून घ्यायचा हक्क कुठल्याच पुढाऱ्याला नाही.

बरं, सांगून मुलं होतातही का? चीनने आधी एकाच मुलाची सक्ती केली, २०१६ ला दोन चालतील म्हटलं, २०२१ ला तीन. २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटतेच आहे. दक्षिण कोरिया बाळासाठी रोख पैसे देतो, २०२३ मध्ये तिथला आकडा ०.७२ होता. भाषणाने पाळणा हलत नाही, पैशानेही फारसा नाही.

म्हणून मला वाटतं, मुलं किती हवीत यावर डोकं फोडण्यापेक्षा, मुलं कमी असलेलं गाव चालवायचं कसं यावर बोलू. कारण ते गाव उद्या येणार नाहीये. आपण त्यातच राहतोय.

गाव कसं मोडतं ते मी जवळून बघितलंय. पटसंख्या घटते. मग एक शिक्षक कमी होतो. आईबाप म्हणतात, एकाच गुरुजींवर चार वर्ग, कसं शिकणार? ते पोराला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालतात. पट अजून घसरतो. मुलं नाहीत म्हणून एसटीची शाळेची फेरी बंद होते. फेरी बंद झाली की म्हाताऱ्या माणसांचा बाजार आणि दवाखाना बंद. जी दोन तरुण जोडपी गावात टिकून होती ती पोराच्या शाळेसाठी तालुक्याला भाड्याने खोली घेतात. भात लावायला माणूस नाही, लावलं तर वानर-डुकरं राखायला माणूस नाही, जमीन पडीक. शिमग्याला पालखीला खांदा द्यायला मुंबईची गाडी यायची वाट बघतो आपण. या सगळ्याची सुरुवात कुठल्या आपत्तीने झाली नाही, पहिलीच्या हजेरीपटाने झाली.

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून जास्त आहेत. सरकारचा मार्ग म्हणजे त्या मोडून समूहशाळा करायच्या. मी याला डोळे झाकून विरोध करणार नाही. पाच पोरांची शाळा पोरांसाठीही बरी नसते, खेळायला धड लंगडीचा डाव होत नाही. पण कायदा म्हणतो प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आपल्याकडचा एक किलोमीटर म्हणजे मध्ये एक पऱ्या आणि एक घाटी. जुलैत सहा वर्षांचं पोर तो कसा ओलांडणार, याचं उत्तर गाडीच्या वेळेसकट, लेखी द्या. मग शाळा एकत्र करा.

आणि म्हातारी माणसं. माझी आई गावाला एकटी असते, मी रविवारी जातो. मी तरी पस्तीस किलोमीटरवर आहे. तिच्या वाडीत सात घरं उघडी, त्यातल्या पाच घरांत एकेकटी बाई. मुलं मुंबईला, आणि ती मुलंही आता एकेकच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, तेही वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. त्यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या म्हातारीला २०० रुपये, तो २००७ पासून तेवढाच. योजनेचं नाव श्रावणबाळ ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. श्रावण विरारला, कावड तहसील कार्यालयात.

त्या फोटोतल्या पोराबद्दल सांगायचं राहिलं. ते नेपाळचं आहे. गावातल्या आंब्याच्या बागेच्या राखणदाराचं. आज आपल्या बागा नेपाळी माणसं राखतात, बोटींवर खलाशी नेपाळी आहेत. त्या पोराची बोली ऐकाल तर थक्क व्हाल, "माका नको" म्हणतं सरळ. गुरुजी म्हणाले, आधारचं काम अडलंय, त्यामुळे ऑनलाइन पटावर ते अजून नीट चढलेलं नाही. म्हणजे शाळेत नवीन आलेलं एकुलतं एक मूल, तेही सरकारच्या हिशोबात धड नाही. त्याचा बाप मला विचारत होता, "साब, स्कूल चालू रहेगा ना?" गावातल्या एकाही माणसाने मला हे विचारलेलं नाही.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी दोन विषय लेखी दिलेत. एक, गावात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ग्रामपंचायतीने करायची, आणि आशाताईंना त्याचे वेगळे पैसे द्यायचे, फुकट राबवायचं नाही. दोन, शाळेची एक खोली रिकामीच आहे, तिथे दुपारी म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा, चहा आणि आठवड्यातून एकदा बीपी तपासणी. पोरं आणि आज्या एकाच आवारात राहतील. शाळा एकत्र झालीच तरी इमारतीला कुलूप लागणार नाही. खर्च फार नाही, वित्त आयोगाच्या आराखड्यातल्या कामांपुढे काहीच नाही.

सरपंचांनी विषय घेतो म्हटलंय. अडचण वेगळीच आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. मतदार यादीत नावं भरपूर आहेत, त्यातली अर्धी कांदिवली आणि नालासोपाऱ्यात. मागची सभा माणसं कमी म्हणून तहकूब झाली. १५ ऑगस्टला सुट्टी आहे. जे येऊ शकतात त्यांनी आदल्या रात्रीची गाडी पकडा. झेंडावंदन आठला, सभा दहाला, शाळेच्या पडवीत.