अग्निबाण आहेत, पथक नाही

तमिळनाडूच्या तूत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणम येथे देशाचे नवे उपग्रह प्रक्षेपण केंद्र उभे राहत आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. श्रीहरिकोटाहून ध्रुवीय कक्षेकडे निघालेल्या अग्निबाणाला श्रीलंका टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो आणि त्यात इंधन खर्ची पडते. येथून दक्षिणेला मोकळा समुद्र आहे. या केंद्राची चर्चा आजवर प्रामुख्याने व्यापारी उपग्रहांच्या अंगाने झाली. तेथून लष्कराचे उपग्रह कोण सोडणार, कोणाच्या आदेशाने आणि किती तासांत, हे आताच ठरले पाहिजे. बांधकाम संपल्यावर विचारलेल्या प्रश्नांना सरकारी फायलीत सोयीची उत्तरे मिळतात.

मी राहतो त्या कुंभकोणमच्या परिसरात, कोल्लिडम नदीच्या काठी अण्णागुडी येथे, फेब्रुवारी १७८२ मध्ये टिपूने कर्नल ब्रेथवेटच्या इंग्रजी फौजेला वेढून शरण आणले. (मुलूख तंजावरच्या तुळजाराजे भोसल्यांचा, झुंजणारे दोघेही परके.) म्हैसूरच्या सैन्याचे लोखंडी नळ्यांचे अग्निबाण सर्वांना ठाऊक आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याहून मोलाची वाटते ती त्यांमागची व्यवस्था. टिपूच्या काळातील ‘फत्ह-उल-मुजाहिदीन’ या लष्करी नियमग्रंथाने प्रत्येक ‘कुशून’ला, म्हणजे ब्रिगेडला, २०० बाणदार नेमून दिले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांची सुधारित आवृत्ती घडवली. पण इंग्रज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी बाणदारांचे स्वतंत्र पथक उभारले. ते १८१३ मध्ये लाइपझिगच्या रणांगणात उतरले.

स्वतंत्र भारताने अवकाशाचे काम हेतुपूर्वक नागरी हाती ठेवले. १९६९ मध्ये इस्रो आणि १९७२ मध्ये अंतराळ आयोग व अंतराळ विभाग स्थापन झाला. हा निर्णय शहाणपणाचा होता, असे माझे मत आजही आहे. कारगिलनंतर मात्र या नागरी संस्थेवर लष्करी गरजांचा भार वाढत गेला. २००१ मध्ये टीईएस, एप्रिल २००९ मध्ये रिसॅट-२, २०१३ मध्ये नौदलासाठी ‘रुक्मिणी’ (तीही फ्रेंच गयानातून युरोपीय अग्निबाणाने), २०१८ मध्ये हवाई दलासाठी जीसॅट-७ए. मुंबईवरील हल्ल्यानंतर पाच महिन्यांत रिसॅट-२ कक्षेत गेला, याचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. परंतु युद्धात पाच महिने म्हणजे एक युग. २०१९ मध्ये बंगळुरूत संरक्षण अंतराळ संस्था स्थापन झाली. तिच्या हाती स्वतःचा अग्निबाण नाही, प्रक्षेपणतळही नाही. लष्कराचे उपग्रह नागरी वेळापत्रकाच्या रांगेत उभे राहतात.

मग अमेरिकेची नक्कल करावी का? तेथील इतिहास नीट वाचला तर नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून अमेरिकी हवाई दलाने ‘डिस्कव्हरर’ मालिका सुरू केली. वैज्ञानिक प्रयोगांच्या आडून ती हेरगिरीची छायाचित्रे मिळवणारी मोहीम होती. त्या काळी गणवेशातील माणसे प्रक्षेपणाच्या कामात प्रत्यक्ष असत. २०२१ मध्ये व्हँडेनबर्ग आणि केप कॅनाव्हरल येथील पथकांना ‘स्पेस लाँच डेल्टा’ हे नाव मिळाले, तोवर कामाचे स्वरूप पालटले होते. आज अग्निबाण मुख्यतः खासगी कंपन्या बांधतात आणि सोडतात. लष्करी पथक तळ राखते, सुरक्षितता पाहते आणि प्राधान्य ठरवते. सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश निघाल्यापासून २७ तासांत तेथून एक उपग्रह सोडण्यात आला. अग्निबाण फायरफ्लाय या खासगी कंपनीचा होता. लष्कराने आपल्याकडे ठेवले ते आदेशाचे आणि पडताळणीचे अधिकार.

आपल्याला हवे आहे ते इतकेच. एसएसएलव्ही हा लहान अग्निबाण ऑगस्ट २०२२ मधील पहिल्या अपयशानंतर २०२३ आणि २०२४ मध्ये यशस्वी ठरला. त्याचे तंत्रज्ञान घेण्याची ५११ कोटी रुपयांची बोली २०२५ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने जिंकली. बांधणारा कारखाना आणि मोकळी दिशा असलेला तळ, दोन्ही दृष्टिपथात आहेत. संरक्षण अंतराळ संस्थेच्या हाताखाली एक छोटे पथक असावे. तयार अग्निबाण व राखीव उपग्रह त्याच्या ताब्यात असावेत. खर्च संरक्षण अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसावा आणि महालेखापरीक्षकांच्या नजरेखालून जावा. आज लष्करी प्रक्षेपणाचा किती भार अंतराळ विभागाच्या पदरी पडतो, हे सामान्य खासदाराला अंदाजपत्रकातून उमगत नाही.

यात इस्रोचाही लाभ आहे. १९९२ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले, तेव्हा नागरी नावाची ढाल तोकडी पडली होती. नागरी आणि लष्करी काम जितके एकत्र मिसळेल, तितकी ती आणखी पातळ होईल.

कायद्याची बाजू मात्र अजून उघडी आहे. २०१७ मध्ये अवकाश विधेयकाचा मसुदा निघाला. २०२३ मध्ये धोरण आले. कायदा झालेला नाही. प्रक्षेपणाच्या वेळी समुद्र व आकाश मोकळे ठेवण्याच्या सूचना आगाऊ निघतात. २७ तासांत सोडायच्या लष्करी अग्निबाणासाठी तूत्तुकुडीच्या जिल्हाधिकाऱ्याला किती आधी कळवायचे, रात्री समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना परत कोणी बोलवायचे आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई कोणत्या खात्याने द्यायची, हे पहिल्या आदेशाच्या आधी लिहून काढावे लागेल.