"तुम्ही काय, घरीच असता!"

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. माझी भाची डोंबिवलीत राहत्या घरी पाळणाघर चालवते. जूनपासून तिने साडेतीन हजारांचे पाच हजार केले, तर एका बाळाची आई (चांगली बँकेत आहे हो!) म्हणाली, "काकू, तुम्ही काय, घरीच असता. एवढे कसले वाढवता?" मला फोन केला तेव्हा भाची हजार रुपये उतरवायच्या बेतात होती. मी फोनवरच झापलं तिला. इथे लिहितेय, कारण आपल्या नात्यातही निम्म्यांना तसंच वाटतं. वाचू देत त्यांना.

मी शाळेत मराठी शिकवायचे, गणित नाही. पण इतकं मलाही येतं. मूल सकाळी साडेआठला येतं, संध्याकाळी साडेसहाला जातं. दहा तास, महिन्याचे २६ दिवस. ३,५०० भागिले २६० म्हणजे तासाला साडेतेरा रुपये! तिच्याकडे सहा मुलं, म्हणजे २१,०००. त्यातून मदतीच्या बाईंचे ८,००० आणि दूध, खाऊ, गॅस, वीज, साबण मिळून ५,००० गेले. उरले ८,०००. शिवाय दुसऱ्यांच्या पोरांच्या जिवाची धास्ती फुकट.

"मग आणखी चार मुलं घ्यावीत," असं आमचे एक भाऊजी म्हणाले. भाऊजी, दोन वर्षांखालची तीन पोरं एका वेळी सांभाळून दाखवा, मग बोलू. दर कमी ठेवला की मुलं वाढवावी लागतात, मुलं वाढली की टीव्ही लावावा लागतो. त्या स्वस्ताईची किंमत मूल मोजतं.

आता उशिराचं. आई सीएसएमटीहून येणार, गाडी ठाण्याला अडकणार. दोष तिचा नाही, कबूल. पण भाचीचा तरी कुठे आहे? महिन्यातून दोनदा अर्धा तास माफ, पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला शंभर, असं मी तिला लिहून काढायला लावलं. तोंडी ठरलं की भांडण ठरलेलंच. पैसे जागेचे, हजेरीचे नव्हेत. बाळ मेमध्ये आजोळी गेलं तरी निम्मे द्यायचे, मदतीच्या बाईंचा पगार काही आजोळी जात नाही.

आणि मुलं मिळवायला "पहिला महिना अर्ध्यात" वगैरे फलक नकोत. सवलतीला भुलून येणारे पुढच्या सवलतीकडे जातात. त्यापेक्षा दार उघडं ठेवावं. आईबापांनी न सांगता कधीही यावं, चादरी बघाव्यात, पोळी खाऊन बघावी. पहिले दोन-तीन दिवस आईने शेजारी बसावं. तिच्याकडे आलेली मुलं आली ती सोसायटीच्या फाटकापाशी आणि मुलांच्या डॉक्टरांकडे बायका एकमेकींशी बोलल्या म्हणून.

ज्यांना पाच हजार खरंच जड आहेत त्यांचं काय? हा प्रश्न मला टोचतो. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एकीचा मुलगा भाचीकडे दोन हजारांत आहे आणि राहील. पण ही उणीव एकट्या भाचीने भरायची का? १९७५ पासून सरकारच्या अंगणवाड्या आहेत, त्या संध्याकाळपर्यंत चालत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं कायद्याने भाग आहे. त्या बँकवाल्या बाईंनी आपल्या साहेबांना विचारलं असेल का कधी? तिथे आवाज फुटत नाही, काकूंपुढे फुटतो.

हे सगळं मी कुठल्या तोंडाने बोलतेय? १९८० साली माझा मुलगा शेजारच्या काकूंकडे असायचा, महिना चाळीस रुपये. त्यांनी भीत भीत दहा वाढवून मागितले तर मी आठवडाभर घुश्शात होते. हेच वाक्य बोलले होते मी, अगदी हेच. त्यांनी दहा रुपये पुन्हा मागितले नाहीत, आणि मीही दिले नाहीत. काकू गेल्याला आता वीस वर्षं होतील.

असो. बँकवाल्या बाईंनी बाळ काढून घेतलं. जागा अजून रिकामी आहे आणि भाची धास्तावली आहे. दिवाळीपर्यंत थांब, म्हटलं तिला. तोवर त्या बाळापुरती तूट मी देणार आहे. ती नको म्हणतेय, पण आज सकाळी पहिले पाठवलेसुद्धा.