उद्योगाच्या पैशाने विद्या बाटत नाही

कंपनीचा पैसा आला की विद्यापीठ बाटते, प्राध्यापक नोकर होतो आणि मूलभूत प्रश्न मागे पडतात, असे आपल्याकडे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. विमानविद्येचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांचा वातबोगदा १९०८ च्या सुमारास उभा राहिला, तो वायुनौकांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या कंपनीच्या पैशावर. देणाऱ्यांना वायुनौकेचा चांगला आकार हवा होता. पण प्रांटल आणि त्यांचे सहकारी पंखाच्या टोकाशी सुटणाऱ्या भोवऱ्यांपर्यंत पोहोचले. त्यातून आलेला पंखाचा सिद्धांत आजही जगभर शिकवला जातो. यात मूलभूत प्रश्न मागे पडला कुठे?

याच प्रांटलांच्या हाताखाली कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांनी डॉक्टरेट केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. दोनच वर्षांनी तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला. घाटगे दोन्हीकडे होते. विभागाच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्याच नेतृत्वाखाली आखले गेले. वर्ग आणि कारखाना यांत भिंत असती, तर हे विमान इतक्या लवकर आकाशात गेले असते असे मला वाटत नाही.

उलट बाजूचे म्हणणे असे, की प्राध्यापकांच्या शोधनिबंधांनी विमान उडत नाही. पण कारखान्यालाही एकट्याने ते जमत नाही. जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये वायूचे तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर जाते. पाते टिकते ते आतून खेळवलेल्या हवेमुळे आणि एकाच स्फटिकाच्या मिश्रधातूमुळे. पुन्हा त्याची कंपने आहेतच. एवढे सगळे ज्ञान एका कंपनीच्या छपराखाली मावत नाही. विमानांची इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइसने १९९० मध्ये इंपीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड येथे आपली पहिली विद्यापीठ केंद्रे काढली, त्यामागची गरज हीच.

कंपन्या संशोधन गुप्त ठेवायला लावतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. विद्यार्थ्याचा प्रबंध कपाटात बंद राहिला तर तो अन्यायच. पण तो दोष कराराचा. पात्याची नेमकी मापे आणि बनवण्याची रीत कंपनीने राखावी. समीकरणे आणि पद्धती प्रसिद्ध करण्याचा हक्क विद्यापीठाने सहीपूर्वीच लिहून घ्यावा. कराराची मुदतही किमान एक पीएचडी पुरी होईल एवढी हवी. सहा महिन्यांची चाचणी प्रयोगशाळेने जरूर शुल्क घेऊन करून द्यावी, पण सहकार्याच्या खात्यात ती मांडू नये.